गुरुत्वाकर्षणाचा वेग आणि ज्ञानसाधनेची कसोटी

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



एका कल्पनेने विषयाला आरंभ करतो. सूर्य या क्षणी एकाएकी नाहीसा झाला, असे समजा. प्रत्यक्षात असे घडू शकत नाही. पण विचारासाठी ही कल्पना उपयोगी आहे. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यावयास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. म्हणजे तितका वेळ आकाशात सूर्य दिसतच राहील. मग पृथ्वीचे काय? ती तत्क्षणी कक्षा सोडून सरळ रेषेत निघून जाईल, की तीही तितकाच वेळ त्या नसलेल्या सूर्याभोवती फिरत राहील?

न्यूटनच्या सिद्धांतानुसार उत्तर होते : तत्क्षणी. त्याच्या सूत्रात अंतर आहे, वस्तुमान आहे. काळ मात्र नाही. विशेष म्हणजे, मध्ये कोणतेही माध्यम नसताना एका वस्तूने दूरच्या वस्तूला ओढावे, हे स्वतः न्यूटनलाही पटत नव्हते. पुढे १८०५ च्या सुमारास लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने हिशोब मांडला. गुरुत्वाकर्षणाला पोहोचण्यास वेळ लागत असेल, तर ओढ सूर्याच्या आताच्या जागेकडे न राहता जुन्या जागेकडे राहील आणि ग्रह-चंद्रांच्या कक्षा बिघडतील. त्या बिघडलेल्या दिसत नाहीत; सबब गुरुत्वाकर्षणाचा वेग प्रकाशाच्या किमान ७० लाख पट असला पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता.

लाप्लासची आकडेमोड चोख होती. गृहीतक अपुरे होते. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत मांडला, तेव्हा उलगडा झाला. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता. वस्तूच्या गतीचा प्रभावही त्या वक्रतेत अंतर्भूत असतो. त्यामुळे ओढ जवळजवळ तंतोतंत वस्तूच्या आताच्या स्थानाकडेच राहते आणि कक्षा बिघडत नाही. गतीत होणाऱ्या बदलाची वार्ता मात्र प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर या गतीने, लाटांच्या रूपाने पसरते.

हे झाले गणित. प्रमाण कोठे होते? १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना एकमेकांभोवती पावणेआठ तासांत फिरणारी न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी सापडली. तिचा प्रदक्षिणाकाळ दरवर्षी सेकंदाच्या सुमारे ७६ दशलक्षांश भागाने घटत होता. लाटांवाटे ऊर्जा जाते असे मानल्यास जितका घटावा, तितकाच! १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन वेधशाळांनी अशी लाट प्रत्यक्ष टिपली. तिने ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत घडविलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा होता!

निर्णायक दिवस उगवला तो १७ ऑगस्ट २०१७ रोजी. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली होती. तिची गुरुत्वीय लाट पृथ्वीवर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. तेरा कोटी वर्षांच्या प्रवासानंतर दोघांत अंतर किती, तर दोन सेकंदांहूनही कमी! तेही किरण टक्करीनंतर थोड्या विलंबाने बाहेर पडल्यामुळे असू शकते. दोन वेगांत फरक असलाच, तर तो एकावर पंधरा शून्ये मांडून होणाऱ्या संख्येतील काही मोजक्या भागांहून अधिक नाही, हे त्या एका घटनेने सिद्ध केले. याच टक्करीच्या रेडिओ लहरींचा वेध आपल्या नारायणगावजवळील खोडद येथील महादुर्बिणीनेही घेतला.

बंधूंनो, आता थोडे आत्मपरीक्षण. प्रकाशाचा वेग हा विषय निघाला की आपल्या मंडळींत सायणाचार्यांच्या ऋग्वेदभाष्याचा दाखला हमखास दिला जातो. अर्ध्या निमिषात २,२०२ योजने हा त्यातील उल्लेख खरा आहे आणि आश्चर्यकारकही आहे. परंतु योजन आणि निमिष यांची मापे कोणती धरावीत, यावर त्याचे उत्तर बदलते. तो आकडा कसा मिळाला, हे भाष्यात सांगितलेले नाही. म्हणून त्याचा आदर करावा. त्याला प्रयोगाच्या आसनावर बसवू नये. ज्या परंपरेने प्रमाणशास्त्र घडविले, तिच्या वारसांनी प्रमाणाविना दावा करावा, हे त्या परंपरेलाच शोभत नाही.

अभिमानाची खरी स्थळे अन्यत्र आहेत. भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात गोलाध्यायात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा विचार मांडला. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे, यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. ग्रंथाची केवळ पूजा न करता तो शिकविण्याची व्यवस्था लावणे, ही आपली परंपरा! तीच आपल्या काळातही दिसते. डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या आयुका संस्थेत प्रा. संजीव धुरंधर यांनी, लाटा सापडतील की नाही याचीही शाश्वती नव्हती तेव्हापासून, गोंगाटातून त्यांची खूण ओळखण्याच्या गणिती पद्धती घडविल्या. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत प्रा. बाला अय्यर यांनी लाटेच्या रूपाचे गणित परदेशी सहकाऱ्यांसमवेत पुढे नेले. प्रसिद्धीविना दशकानुदशके चाललेले हे काम कार्यकर्त्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आणि आता हे कार्य आपल्या अंगणात आले आहे. ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेल्या औंढा नागनाथच्या परिसरात, हिंगोली जिल्ह्यात, ‘लायगो-इंडिया’ची योजना आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांस मान्यता दिली. लाट वेगवेगळ्या वेधशाळांत कोणत्या क्षणी पोहोचली, यातील सूक्ष्म फरकावरून तिची दिशा कळते. म्हणून इतरांपासून दूर असलेल्या भारतातील वेधशाळेचे मोल मोठे आहे.

तेथे काम करणारे तरुण कोठून येणार? ते आपल्याच घरांतून यावयास हवेत. मुलाने ‘सूर्य नाहीसा झाला तर?’ असे विचारले, तर ‘गप्प बस’ म्हणू नका, आणि ‘हे सारे आपल्याला पूर्वीच ठाऊक होते’ असेही म्हणू नका. त्याच्याबरोबर बसून हिशोब करा. आपल्या पूर्वजांचे ऋण फेडण्याचा तोच मार्ग आहे.