आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी धम्मावर बोलावे अशी काहींची अपेक्षा असेल. पण रविवारची वंदना झाल्यावर विहाराच्या पायरीवर आमच्यापाशी जे प्रश्न येतात, त्यातले निम्मे मोबाईलचे असतात. "भाऊ, हे आलं ते खरं हाय का?" "पोट्ट्यानं मले ग्रुपात टाकलं, बाहेर निघता येते का?" "चुकीचं बटन दाबलं तर पोलीस धरतात काय?" विचारताना आपल्या मायमाउल्या लाजतात. लाजू नये. ग्रुपातून बाहेर निघता येते, कोणी रुसला तर रुसू द्या. बाकीच्या प्रश्नांना मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

हे यंत्रच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आपली बातमी आपल्या तोंडाने सांगायला समाजाला किती झगडावे लागले ते आठवा. परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तेव्हा पत्राला आधार झाला. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाला, त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. फार मागे तरी कशाला जायचे? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले आणि मोठ्या वर्तमानपत्रांना ते नीट दिसायला आठवडे लागले. तोवर पत्रके, फोन आणि मोबाईलचे छोटे संदेश यांच्या जोरावर आपल्याच माणसांनी ती बातमी गावोगाव नेली. नोव्हेंबरात अमरावती रस्त्यावर उतरली, पोलिसांचा गोळीबार झाला, आपला एक तरुण गेला. ज्या समाजाला छापखाना मिळत नव्हता, त्याच्या खिशात आज छापखाना आहे. फरक एवढाच, की छापखान्यात मजकूर तपासणारा कोणी बसलेला असतो. इथे ते काम आपल्यालाच करायचे आहे.

ते केले नाही तर काय होते? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी आली आहे असे संदेश त्या काळात मोबाईलवर फिरत होते. भिक्षा मागून जगणारे, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. गावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. पाचही निरपराध होते. तो संदेश पुढे ढकलणाऱ्या कित्येकांनी राईनपाडा पाहिलेही नसेल. घरी बसून, चहा पिता पिता अंगठा दाबला असेल.

आपल्या वऱ्हाडातच पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावतीत मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद झाला, दुकाने फुटली, जळाली. १३ नोव्हेंबरला संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद करावे लागले. याच अमरावतीत, याच तारखेला, १९२७ साली इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली होती. आणि अकोल्यात १३ मे २०२३ च्या रात्री इन्स्टाग्रामवरच्या एका मजकुरावरून जुने शहर पेटले. एक माणूस जिवानिशी गेला. रोज कमावून खाणाऱ्यांच्या चुली किती दिवस पेटल्या नसतील, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आम्ही गिरणीतली माणसे. साच्यावर धागा तुटला की आधी साचा थांबवतो, मग गाठ मारतो. चालू ठेवला तर पुढचे सगळे कापड डागी निघते. संदेशाचेही तसेच आहे.

थांबवायचे कसे? तथागतांनी कालामांना काय सांगितले ते भन्तेजींनी आपल्याला अनेकदा समजावले आहे. कानावर आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, बोलणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका; स्वतः पारखून घ्या. आता संदेशावर दोन बाणांची खूण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' अशी अक्षरे दिसली, तर समजावे की हे पुष्कळ हातांतून फिरून आले आहे, पाठवणाऱ्यालाही मूळ माहीत नाही. राईनपाड्यासारख्या घटनांनंतरच व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचांनाच पुढे पाठवायची मर्यादा घातली. २०२० पासून असा फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. गाव कोणते, तारीख कोणती, कोणी पाहिले, हे मजकुरात नसेल तर तो तिथेच राहू द्यावा. जुन्या दंगलीचे फोटो कालचे म्हणून फिरतात. बाबासाहेबांच्या नावावर तर काहीही खपते! त्यांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडांत छापली आहेत. 'बाबासाहेब म्हणाले' असे आले की पाठवणाऱ्याला विचारा, कोणत्या खंडात? बहुतेक जण गप्प बसतात.

पोलीस धरतात काय, हा प्रश्न भाबडा नाही. चुकीचे बटन दाबल्याने कोणी धरत नाही. पण समाजासमाजांत वैर पसरवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "मी लिहिलं नाही, नुसतं पाठवलं," हे म्हणणे कोर्टात टिकेलच असे नाही. तामिळनाडूतल्या एका माजी आमदाराने महिला पत्रकारांविषयीचा घाणेरडा मजकूर फेसबुकवर पुढे पाठवला. डोळ्यांत औषध घातले होते, वाचता आले नाही, असा बचाव त्याच्या बाजूने झाला. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही, सर्वोच्च न्यायालयानेही दिला नाही. ग्रुपच्या अॅडमिनचे मात्र वेगळे आहे. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले, की संगनमत नसेल तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराचा गुन्हा अॅडमिनवर येत नाही. तरी घाण टाकणाऱ्याला काढण्याची सोय त्याच्या हातात आहे, ती त्याने वापरावी.

आता सर्वांत अवघड गोष्ट, आणि ही आम्ही तरुण पोरांसाठी सांगतो. कोणी बाबासाहेबांची विटंबना करणारे चित्र टाकतो. आपले रक्त तापते, तापणारच. मग आपलाच पोरगा "पाहा भाऊ, हा काय म्हणून रायला" असे लिहून तेच चित्र दहा ग्रुपांत टाकतो. ज्याला चार जणांनी पाहिले असते ते चार हजारांनी पाहिले, तेही आपल्या हातून! टाकणाऱ्याला हेच पाहिजे असते. उत्तरादाखल दुसऱ्या समाजाच्या देवाला, पैगंबराला शिवी घालणे म्हणजे त्याचेच काम पुढे नेणे. त्या मजकुराचा स्क्रीनशॉट काढा. खात्याचे नाव, तारीख, वेळ त्यात दिसली पाहिजे. लिंक जपून ठेवा. ते विहाराच्या कार्यकारिणीकडे आणा, पाच वडीलधारे घेऊन ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, अनुसूचित जाती-जमातींना पूजनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान हा गुन्हा ठरला आहे. हत्यार कायद्यात असताना आपल्या पोरांनी दगड उचलून स्वतःवर केस का घ्यावी? केस लागली की नोकरीचा फॉर्म भरताना ती आडवी येते, हे आपण वस्तीत पाहतोच आहोत.

पैशाचे थोडक्यात सांगतो. फोनवर आलेला आकडा, म्हणजे ओटीपी, बँकेचा साहेब म्हणून कोणी मागितला तरी देऊ नका. फसगत झालीच तर त्याच घटकेला १९३० वर फोन लावा, उशीर झाला की पैसा पुढच्या खात्यात जातो. लेकीबाळींचे फोटो त्यांना न विचारता टाकू नका.

येत्या रविवारपासून वंदनेनंतर एक तास कॉलेजची मुले-मुली इथेच सतरंजीवर बसतील आणि ज्यांना शिकायचे आहे त्यांना शिकवतील. आपला मोबाईल आणि चष्मा घेऊन यावे. आजीबाईंनी नातवाला सोबत आणले तरी चालेल, पण बटन आजीनेच दाबायचे.

जयभीम! नमो बुद्धाय!