विश्वासाची किल्ली कोणाच्या हाती?



'ट्रस्ट' हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे देवस्थान, शिक्षणसंस्था अथवा धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय उभे राहते. अमेरिकेत मात्र बंदुकीच्या सायलेन्सरसाठीही कुटुंबे ट्रस्ट स्थापन करतात. हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते आणि पाठोपाठ शंका येते, की ही कायद्याला बगल देण्याची युक्ती तर नव्हे?

आपल्याकडे सायलेन्सर म्हटले की मोटारसायकलच आठवते. बंदुकीचा सायलेन्सर हिराम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन अभियंत्याने घडविला व १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. मशीनगनचा जनक हिराम मॅक्झिम हा त्याचा पिता. चित्रपटात दाखवितात तसा बंदुकीचा आवाज या नळीने नाहीसा होत नाही. साधारण २० ते ३० डेसिबलने उतरतो. शिकारी आणि नेमबाज कानांच्या रक्षणासाठी ती वापरतात.

दारूबंदीच्या काळात अमेरिकेत गुन्हेगारी टोळ्यांनी थैमान घातले. त्यातून १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आला. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन यांच्यासह सायलेन्सरलाही केंद्रीय नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लागू झाला. त्या काळी ही रक्कम एवढी मोठी होती की सामान्य माणसाने या वस्तूंच्या वाटेला जाऊ नये, हाच तिचा हेतू. कायद्याचा भंग केल्यास १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

खरी अडचण घराच्या उंबऱ्याच्या आत आहे. नोंदणी पतीच्या नावे असेल, तर ती वस्तू बाळगण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. तो परगावी असताना तिजोरीची किल्ली पत्नीकडे राहिली, तर तोही बेकायदा ताबा ठरू शकतो. ज्या गृहिणीने आयुष्यात कधी बंदुकीला हात लावला नाही, ती केवळ किल्ली सांभाळल्यामुळे आरोपी होऊ शकते.

यावर तेथील वकिलांनी उपाय काढला तो ट्रस्टचा. एक जण ट्रस्ट स्थापन करतो, विश्वस्त नेमतो, लाभार्थी ठरवितो आणि वस्तूची नोंद ट्रस्टच्या नावे होते. मग प्रत्येक विश्वस्ताला ती कायदेशीरपणे बाळगता येते. संस्थापकाच्या मृत्यूनंतर कारभार कोणी पाहावा, अज्ञान मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत कोणी सांभाळावा, कुटुंबातील कोणी बंदूक बाळगण्यास अपात्र ठरल्यास काय करावे, हे सारे दस्तऐवजात लिहिता येते. चांगल्या ट्रस्टचे मोल या कलमांत असते.

परंतु या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. पूर्वी व्यक्तीने अर्ज केल्यास बोटांचे ठसे, छायाचित्र आणि स्थानिक पोलीसप्रमुखाची स्वाक्षरी लागे. ट्रस्टला यांपैकी काहीच लागत नसे. अनेकांनी ट्रस्ट केले ते कुटुंबासाठी नव्हे, तर ही तपासणी चुकविण्यासाठी. १३ जुलै २०१६ पासून नवा नियम लागू झाला. अर्ज करतेवेळी जे जबाबदार विश्वस्त असतील, त्या प्रत्येकाने ठसे व छायाचित्र देणे बंधनकारक झाले. पोलीसप्रमुखाची संमती मात्र सर्वांसाठीच रद्द होऊन तेथे केवळ सूचना देणे पुरेसे ठरले. पळवाट अरुंद झाली. पुरती बुजली नाही. मंजुरीनंतर नवा विश्वस्त घेतला, तर पुढील अर्जापर्यंत त्याचे ठसे द्यावे लागत नाहीत. तेव्हा त्या माणसाची पारख करण्याचा भार ट्रस्ट करणाऱ्याच्या विवेकावरच राहतो.

१ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील २०० डॉलरचा कर शून्यावर आला. नोंदणीची अट मात्र राहिली. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगण्यास मुळातच बंदी आहे. तेथे कोणताही ट्रस्ट ही बंदी ओलांडू शकत नाही.

ज्यांची मुले नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत, अशा आपल्याकडील कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तेथील केंद्रीय कायद्याने सायलेन्सर ही वस्तूच 'फायरआर्म' मानली आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यास, शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक वा काडतूस बाळगण्यास मनाई आहे. एखाद्या मित्राने स्नेहापोटी 'तूही आमच्या ट्रस्टमध्ये विश्वस्त हो' म्हटले, तरी त्याने ही मनाई उठत नाही. सौजन्याने केलेली एक स्वाक्षरी व्हिसाच नव्हे, तर स्वातंत्र्यही धोक्यात आणू शकते. होकार देण्यापूर्वी तेथील जाणत्या वकिलाचा सल्ला घेणे, हेच शहाणपण.

भारतात शस्त्राचा परवाना सामान्यतः व्यक्तीच्या नावे असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. दोन्ही देशांच्या वाटा निराळ्या आहेत, पण प्रश्न एकच आहे: घातक वस्तूची किल्ली कोणाच्या हाती द्यावी?

याचे उत्तर विश्वस्त या शब्दातच आहे. देवस्थानाचा विश्वस्त देवाच्या दागिन्यांचा धनी नसतो, राखणदार असतो. ट्रस्टच्या कागदावर नावे कितीही असोत, त्यातील प्रत्येक नाव जबाबदारी ओळखणारे असेल, तरच ती व्यवस्था कुटुंबाचे रक्षण करते. तसे नसेल, तर तो कागद म्हणजे नुसती पळवाट. आणि अशा वाटेने संकट घरात शिरायला वेळ लागत नाही.