सातबारा कुणाचा, पाणी कुणाचं?

(इंदापूर इथं महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



परदेशी पैसा आणि आपली शेती, असा विषय मला दिलाय. मी परदेशातून सुरुवात करत नाही. आपल्याच तालुक्यात, कालव्याच्या शेपटाकडच्या एका गावात मी एका ताईंकडे गेले होते. एजंट एक कागद ठेवून गेला होता. जमीन तीस वर्षांच्या भाड्यानं द्यायची, कंपनी फळबाग करणार, माल बाहेर जाणार, पैसाही बाहेरचा. मी कागद तीनदा वाचला. भाडं होतं, भाडेवाढ होती. विहिरीबद्दल अर्धीच ओळ, ‘जमिनीसह सर्व वहिवाट’. ताईंनी विचारलं, “म्हंजे हीर बी गेली का?” त्या विहिरीवर शेजारची चार घरं पाणी भरतात.

परदेशी माणसाला आपल्याकडे शेतजमीन विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या इथल्या माणसालाही कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात. पण हा पैसा सातबारावर नाव लावायला येतच नाही. फळबाग, फुलशेती, बियाणं, यांत शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीला मुभा आहे. बारामतीत दूधप्रक्रियेच्या कारखान्यात अमेरिकन भांडवल आलेलं आहे. त्यातून रोजगार आला, दुधाला गिऱ्हाईक मिळालं, हे मी नाकारत नाही. पण दुधाला चारा लागतो, चाऱ्याला पाणी, आणि शेण काढायला पहाटे कोण उठतं ते तुम्हाला सांगायला नको. डबाबंद दूध आणि पेटीतली द्राक्षं यांच्यातून आपलं पाणीच बाहेर जातं. त्याची पावती कुणी फाडत नाही.

आणि कायदाही पाण्याला जमिनीच्या मागं बांधतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून हेच चालत आलंय, ज्याची जमीन त्याचं जमिनीखालचं पाणी. जमीन नसलेल्या बाईचा पाण्यावर हक्कच नाही, फक्त हंडा तिचा.

कंपनीला जमीन भाड्यानं देणं इंदापूरला नवं नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, भाटघरचं पाणी आलं, आणि पाण्यामागून भांडवल आलं. १९३० च्या दशकात कळंबला वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. हे भांडवल देशी होतं, पण गोष्ट तीच. शेतकऱ्यांनी जमिनी खंडानं दिल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानं साखर कंपन्यांकडच्या जमिनी सरकारनं काढून घेतल्या, पण बहुतेक मूळ मालकांना दिल्या नाहीत. १९६३ साली शेती महामंडळ झालं, त्याचे मळे वालचंदनगरला आणि रत्नपुरीलाही होते. खंडकऱ्यांची लढाई पन्नास वर्षं चालली. वाटप सुरू झालं ते २०१२ साली. खंड देणारा आजोबा गेला, बाप गेला, नातू रांगेत उभा राहिला. वारसांच्या यादीत आत्याचं, बहिणीचं नाव आहे का, हे किती घरांत विचारलं गेलं? तीस वर्षांचा कागद आला की मला ही रांग आठवते.

आपणही कुणाचे तरी परदेशी आहोत, हेही ऐका. बंगळुरूच्या करुतुरी या फुलशेतीच्या कंपनीनं इथिओपियात गांबेला भागात २०१० साली एक लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. कागदावर ती ओसाड होती. तिथल्या अनुआक लोकांसाठी मात्र ते रान, चराई आणि पाणी होतं. कंपनीला शेती झेपली नाही, पूर आले, आणि २०१५ च्या अखेरीला सरकारनं करार रद्द केला. ओसाड म्हणजे काय, हे ज्यांना सरपण आणायला जायचं नसतं ते ठरवतात.

मग करायचं काय? पुरंदर तालुक्यात, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकरापुरतं, उसाला बंदी, भूमिहीनांनाही वाटा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. सगळं जमलं असं नाही, पण त्यांनी जमीन आणि पाण्याची गाठ सोडवून दाखवली. आणि राज्यात ऊस पिकाखालच्या जमिनीपैकी लहानशा हिश्श्यावर असताना सिंचनाचं निम्म्याहून अधिक पाणी पितो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

लक्ष्मीमुक्तीच्या दिवसांत, १९९० च्या आसपास, शेतकरी संघटनेनं गावोगाव सांगितलं, सातबारावर बायकोचं नाव लावा. काही गावांनी लावलंही. १९९४ साली राज्यानं आणि २००५ साली केंद्रानं मुलींचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क मान्य केला. पण त्या ताईंचं नाव ना माहेरच्या कागदावर, ना सासरच्या. भाडेपट्ट्यावर त्यांची सही लागणारच नव्हती.

त्या रात्री त्यांनी नवऱ्याला मी सांगितलेलं वाचून दाखवलं. दादा म्हणाले, “पैका लागतोय, पोरीचं लगीन हाय.” ते खोटं नव्हतं. मग दोघांनी एजंटाला निरोप दिला, विहीर आणि शेजाऱ्यांचं पाणी कागदावर वेगळं काढून द्या, मुदत पाच वर्षं करा, दोघांची सही घ्या. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या बैठकीला सगळ्याजणी आपापल्या घरचा सातबारा घेऊन या. विहिरीची नोंद कुठल्या रकान्यात असते ते आपण एकत्र बघू.