राणीच्या छायेतील राजपुत्र

दातृत्वाची कथा सांगताना दात्याचे नाव आधी घेतले जाते. येथे तो क्रम मोडणेच न्याय्य ठरेल. मुलाचे नाव आलेमायेहू. इथिओपियाचा, म्हणजे तेव्हाच्या अबिसिनियाचा, सम्राट दुसरा तेवोद्रोस याचा हा पुत्र; जन्म 1861 चा.

तेवोद्रोसने काही युरोपीयांना बंदीत टाकले. त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या मोहिमेचा सेनापती होता मुंबई लष्कराचा प्रमुख रॉबर्ट नेपियर. फौजेत बहुसंख्य हिंदी सैनिक होते. तोफा वाहणारे हत्तीही मुंबई बंदरातूनच जहाजांवर चढले. 13 एप्रिल 1868 रोजी मगडालाचा गड पडला आणि सम्राटाने स्वतःवर पिस्तूल झाडले. ते पिस्तूल पूर्वी व्हिक्टोरिया राणीनेच त्याला भेट म्हणून धाडलेले! परतीच्या वाटेवर मुलाची आई वारली. लुटीतले मुकुट आणि पोथ्या इंग्लंडला गेल्या, तसाच हा सात वर्षांचा पोरका मुलगाही गेला.

राणीचा त्याच्यावर जीव जडला. ती माया खोटी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु खर्च सरकारी तिजोरीतून होई, आणि ज्याचा पैसा त्याचाच शब्द अखेरचा ठरे. अम्हारिक भाषा जाणणारा कॅप्टन स्पीडी हाच काय तो त्याला आपला वाटे. त्याच्यासमवेत तो काही काळ हिंदुस्थानातही राहिला. शिक्षणाच्या नावाखाली सरकारने ती जोडीही तोडली. मग चेल्टनहॅम, रग्बी, सँडहर्स्ट. संस्था एकाहून एक नामांकित, पण मुलगा कोठेच रमला नाही. सात वर्षांच्या बालकाला त्याची इच्छा कोणी विचारली नाही, हे एक वेळ समजून घेता येईल. ऐन तारुण्यात मायदेशी परतण्याची ओढ त्याला लागली, तेव्हाही त्याला कोणी जाऊ दिले नाही.

14 नोव्हेंबर 1879 रोजी लीड्स येथे फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने तो गेला. वय अवघे अठरा. राणीच्या इच्छेनुसार त्याचे दफन विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलपाशी झाले. परक्याला येथे आसरा मिळाला, अशा आशयाचे बायबलवचन तेथील स्मृतिपटावर कोरलेले आहे.

इथिओपियाने 2007 मध्ये त्याचे अवशेष मागितले. शेजारी पुरलेल्या इतरांच्या अवशेषांना धक्का लागेल, असे कारण देऊन 2023 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याने नकार दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात स्पीडीच्या वंशजांनी त्याच्या केसांची एक बट मात्र लंडनमध्ये इथिओपियाच्या स्वाधीन केली.