बाळंतिणीला विचारलं का?

सरकारी दवाखान्यातून घरी निघालेल्या बाळंतिणीला विचारा, सोय कशी होती? 'छान होती,' असंच ती बहुधा म्हणेल. बाळ सुखरूप, पैसे लागले नाहीत आणि सिस्टर समोरच उभ्या. दुसरं काय म्हणणार? म्हणून असल्या उत्तरावर फार विसंबू नये. प्रश्न नेमके हवेत. रक्तस्राव किती होतोय, हे कुणी पाहिलं का? रक्तदाब मोजला का? बाळाला छातीशी कसं धरायचं, हे शेजारी बसून दाखवलं का? टाके दुखतात म्हटल्यावर कुणी खेकसलं तर नाही ना? बायकांच्या मनात राहतं ते बहुधा हे शेवटचंच.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. त्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त मोफत. जेवण साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझेरियनमध्ये सात दिवसांपर्यंत. घरी परतायला गाडीही मोफत. साध्या बाळंतपणानंतरही 48 तास दवाखान्यात थांबावं, कारण अतिरक्तस्रावाचा धोका पहिल्या दिवशी सर्वाधिक असतो. पण खाट अपुरी, नातेवाइकांना टेकायला जागा नाही, घरी थोरलं लेकरू. मग बाई लवकर निघते. दोष तिचा कसा?

पुढे आशाताई घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या बाळाचं वजन करतील, पण ताप, जास्त अंगावर जाणं, डोकं दुखून अंधारी येणं, हे आईनं आपणहून सांगावं. रात्र असली तरी थांबू नये, 108 ला फोन करावा.