तिघांची भागीदारी

माजिवड्याच्या नाक्यावर तिघा स्नेह्यांनी भागीदारीत किराणा मालाचे दुकान मांडले, अशी कल्पना करावी. भांडवल एकाचे ५१ हजार, दुसऱ्याचे ६८ हजार, तिसऱ्याचे ८५ हजार. पुढे सारा व्यवहार आवरला, तेव्हा हाती ३ लाख रुपये आले. वाटणी कशी करावयाची?

पहिला म्हणेल, कष्ट सर्वांचे सारखेच. प्रत्येकाने लाख लाख घ्यावेत. तिसऱ्यास हे मानवणार नाही. ८५ हजार घालणाऱ्यास १५ हजार नफा आणि ५१ हजार घालणाऱ्यास ४९ हजार, हा कुठला न्याय! धंदा तरतो आणि मैत्री बुडते, ती अशाच ठिकाणी.

दुकान कल्पित असले, तरी आकडे जुने आहेत. ‘हजार’ एवढाच शब्द पदरचा. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त तीन व्यापाऱ्यांचे हेच उदाहरण आहे. माजिवड्याहून निघणाऱ्या रस्त्याने नाशिक ओलांडून खानदेशात उतरावे, म्हणजे चाळीसगावाजवळ पाटण लागते. तेथे आचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला.

आता उत्तराकडे वळू. पुष्कळ विद्यार्थी पहिल्याच्या वाटणीसच ‘क्ष’ म्हणतात आणि अपूर्णांकांत गुरफटतात. अज्ञातास नाव देण्याची अशी घाई करू नये. आधी भांडवले न्याहाळावीत. तिन्हींस १७ ने निःशेष भाग जातो. प्रमाण ३ : ४ : ५ असे निघते. तेव्हा कोणाच्या वाटणीस नव्हे, तर या प्रमाणातील एका भागास क्ष हजार मानावे. मग ३क्ष + ४क्ष + ५क्ष = ३००; म्हणजे १२क्ष = ३०० आणि क्ष = २५. वाटण्या अनुक्रमे ७५ हजार, १ लाख आणि १ लाख २५ हजार. प्रत्येक १७ रुपयांचे २५ झाले, मग ते कोणाचेही असोत.

आचार्यांचीही उत्तरे हीच. आपल्या बीजगणितात अज्ञातास ‘यावत्तावत्’ म्हणणाऱ्या आचार्यांनी येथे मात्र अज्ञात घेतलेच नाही. प्रत्येक भांडवलास ३०० ने गुणून, एकूण भांडवल जे २०४, त्याने भागले. अर्थात तिघांचे पैसे सारखाच काळ गुंतले होते, हे येथे गृहीत आहे; तसे नसेल, तर भांडवलास महिन्यांनी गुणून मगच प्रमाण काढावे लागते.

मधल्या भागीदाराची मौज वेगळीच. ६८ ही तिन्ही भांडवलांची सरासरी. म्हणून सरसकट वाटा की प्रमाणात वाटा, त्याच्या हाती लाखच पडतात. भांडण लागलेच, तर पंच म्हणून त्यालाच बसवावे.