पीळ आणि बेचकं

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकॅन सुरू झालं. ताई म्हणाली, "तू डॉक्टर ना? मग हे आत काय करतं ते सांग." साहित्यातल्या डॉक्टरची पंचाईत झाली. मग वाचलं. तिला सांगितलं तेच इथं सांगतो.

डीएनए म्हणजे दुपदरी दोरी. पेशी दुभंगण्याआधी तिची नक्कल व्हावी लागते, त्यासाठी पदर सुटे करावे लागतात; आणि सुटे करत गेलं की पुढचा पीळ घट्ट होतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक पदर कापतं, पीळ सैल करतं, लगेच सांधतं. इरिनोटेकॅनचं मूळ जे कॅम्पटोथेसिन, ते त्या कापात जाऊन बसतं. सांधणं अडतं. पण तेवढ्यानं पेशी सहसा मरत नाही. नक्कल करणारी यंत्रणा धावत येऊन तिथं आदळते, तेव्हा दोन्ही पदर तुटतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या सस्तन पेशींत अफिडिकोलिन देऊन नक्कलच थांबवली, तर पुष्कळ पेशी वाचतात. घाईत असलेलीच मरते. केसांच्या मुळांनाही घाई असते. ताईचे केस गेले ते त्यामुळं.

मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ साली हे द्रव्य एका चिनी झाडातून मिळाल्याचं मांडलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही ते आहे.

पदर फाकतात त्या जागेपाशी माझी मराठी अडली. 'प्रतिकृती-द्विशाखा' असं लिहून नेलं होतं. ताईनं कागद बाजूला ठेवला.

"अरे, बेचकं की!"